सोयाबीनवर पाचशे घोडे

लातूर,
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप संगप्पाअण्णांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचे, म्हणजे महांतेशचे, लातूरहून शरणु शरणार्थी. तुमचा गुडघा, वहिनींची दाढ आणि गच्चीवरची शेवंती या तिघांचीही तब्येत आता बरी असेल असं धरून चालतो. इकडे उमा ठीक आहे, पोरगी दामिनी पुण्यात ठीक आहे, नळाला पाणी येण्याचा दिवस ठरलेला नसला तरी पाणी येतं. या घरात ठीक नसलेला माणूस एकच आहे आणि तोच हे पत्र लिहून राहिला आहे.

तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना पत्र कशाला? अण्णा, फोन मी बंद करून तुरीच्या डाळीच्या डब्यात पुरून ठेवला आहे. (उमाने वरणासाठी डाळ काढताना तो दोनदा वर काढला. मी दोन्ही वेळा परत पुरला.) फोन सुरू केला की हसणाऱ्यांचे फोन येतात, आणि जे हसत नाहीत ते विचारपूस करतात, तो प्रकार तर आणखी वाईट. म्हणून जे झालं ते मुळापासून लिहून कळवतो. इतरांकडून ऐकलंत तर तुम्हीही हसाल, आणि या वयात मेहुण्याला हसलेलं मला सोसायचं नाही.

आमचे क्लासचे मालक आनंदराज सर तुम्ही एकदा आमच्याच घरी पाहिले आहेत. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची पोरं आम्ही तयार करतो, त्यांना मी फिजिक्स शिकवतो. लातुरात क्लास इतके झालेत, की फ्लेक्सवर गुणवंत पोरांचे फोटो लावायला खांब उरले नाहीत. तेव्हा सरांनी ठरवलं की फोटोच्या पलीकडचं काहीतरी करायचं, आणि हैदराबादहून त्यांनी एक गाडी आणली.

लाल रंगाची, दोन माणसांची, कुणा हौशी माणसाने थोडी वापरून विकलेली स्पोर्ट्स कार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याचा उच्चार आमच्या स्टाफरूममध्ये तीन प्रकारे होतो आणि केमिस्ट्रीचे सर चौथा करतात. पाचशेच्या वर हॉर्सपॉवर, शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग साडेतीन सेकंदांत. सोबतच्या पुस्तिकेप्रमाणे ती तीनशेच्याही पुढे पळते. (लातुरात त्या वेगाने आजवर फक्त अफवा पळाली आहे.) तिच्या जोरावर सरांनी चौकात फ्लेक्स लावला: ‘शून्य ते शंभर, साडेतीन सेकंदांत! शून्य ते डॉक्टर, दोन वर्षांत!’ खाली गाडीचा फोटो, गाडीला टेकलेले सर, आणि कोपऱ्यात आम्ही सगळे शिक्षक मिळून एका टिकलीएवढे.

आता या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम चार-पाच बोटं वर, आणि आमच्या ट्यूशनच्या भागात गल्लीगल्लीत स्पीडब्रेकर. तेव्हा गाडी बाहेर काढायची म्हणजे शिक्षकांनी दोन्ही बाजूंनी फळ्या घेऊन चालायचं. स्पीडब्रेकर आला की फळ्या टाकायच्या, गाडी गेली की उचलायच्या आणि पुढच्या स्पीडब्रेकरकडे धावायचं. बायोलॉजी डावीकडे, फिजिक्स उजवीकडे. चौकापर्यंत जाताना आम्हाला शाळेतून सुटलेली पोरं चालत ओलांडून जात. सरांच्या आई, बसम्मा, ऐंशीच्या घरातल्या, पूजेनंतर पहिल्या फेरीचा मान त्यांचा होता. विहिरीत घागर सोडावी तशा दोन सुनांनी दोन्हीकडून धरून त्यांना आत सोडलं. आत टेकल्यावर म्हातारीने मान वर करून विचारलं, “आनंदा, ह्यात बसायचं हाय का निजायचं?” सर हसले, पण त्यांचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. मला वाटतं, त्या गाडीची कुणीतरी मनापासून तारीफ करावी म्हणून तो माणूस त्या दिवसापासून तळमळत होता. ही गोष्ट मी वेळीच ध्यानात घेतली असती तर आज मी माणसांत असतो.

माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. विद्युतधारेचा धडा आला की मला विजेच्या गाड्यांचा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही. परीक्षेला त्यातलं काही येत नाही, हे मला पोरंही सांगतात.

तर सरांनी पालक मेळावा ठरवला. रेणापूरच्या बाजूला नवा रस्ता झालाय, अजून वाहतुकीला उघडलेला नाही. त्याचा एक सरळ तुकडा सरांनी रीतसर परवानगी काढून घेतला, पहाटे माणसं लावून खराट्याने लख्ख झाडून घेतला. या टोकाला मांडव, खुर्च्या, स्पीकर. त्या टोकाला शेवटच्या रेषेची लाल फीत. बेत असा, की सर गाडी चालवणार, मी शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसणार, कॉलरला माइक लावून त्वरण म्हणजे काय ते सांगणार, आणि कॅमेरेवाले त्याची जाहिरात करणार. मी आदल्या दिवशी विचारलं होतं, “सर, थांबायला किती जागा ठेवली?” तर म्हणाले, “सुरुवात झकास झाली पाहिजे सर. थांबायचं काय, कुठंबी थांबता येतं.” मी गुमान बसलो. (जडत्व शिकवून शिकवून माझ्याही अंगात मुरलंय.)

मेळावा भरला. सरांचं भाषण झालं, आणखी दोघांची झाली, मग मला दहा मिनिटं मिळाली. मी ती दहा मिनिटांतच संपवणार होतो, अण्णा, शपथेवर सांगतो. पण बिलोलीकडचे एक पालक, ग्यानोबा त्यांचं नाव, उभे राहिले आणि म्हणाले, “सर, शंभराच्या वर पळणारी पहिली गाडी कुणी काढली म्हणायची?”

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी आयुष्यभर थांबलो होतो. मी सांगितलं, की १८९९ साली पॅरिसजवळ माणसाने गाडीत बसून ताशी शंभराचा आकडा पहिल्यांदा ओलांडला, आणि ती गाडी विजेवरची होती! बंदुकीच्या गोळीसारखा आकार, आणि चालवणारा बेल्जियमचा गडी कमरेपासून वर सगळा उघड्यावर. नंतर मला थांबायला हवं होतं. पण पुढे बसलेल्या बायका ऐकून राहिल्या होत्या, म्हणून मी अमेरिकेत शिरलो. तिथे त्या काळात दर तीन गाड्यांमागे जवळपास एक विजेची होती. पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढून लोखंडी दांडा फिरवावा लागे, तो उलटा फिरला की मनगट मोडे. विजेच्या गाडीला ना दांडा, ना धूर, ना आवाज. आत गादीची बैठक, कुठे कुठे तर फुलदाणीसुद्धा. पेट्रोलच्या गाड्या विकून जगभर नाव काढलेल्या एका कारखानदाराची बायको स्वतः मात्र विजेची गाडी चालवायची, हे सांगितल्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी विजेच्या गाडीच्या मरणाशी आलो. १९१२च्या सुमारास पेट्रोलच्या गाडीत एक छोटी विजेची मोटर बसवली, दांडा गेला, बटण आलं, आणि विजेच्या गाडीचा सगळा रुबाब संपला. विजेच्याच मोटरने विजेच्या गाडीचा घात केला! हे वाक्य बोलताना दरवर्षी माझा आवाज भरून येतो, तसा आला. मी पाण्याचा पेला उचलला तेव्हा दहा मिनिटांची मजल पाऊण तासावर गेली होती. सर घड्याळाकडे बघून राहिले होते. आणि रस्त्याच्या त्या टोकाला, आम्हा सगळ्यांच्या नजरेआड, काय चाललं होतं ते पुढे येईलच.

ग्यानोबा परत उठले. “म्हंजे सर, सव्वाशे वर्षांमागं जे विजेवर झालं, तेच ही गाडी आता पेट्रोल जाळून करून राहिली का?”

मांडव हसला. सरांच्या तोंडाचा रंग गाडीच्या रंगाला गाठताना मी त्या दिवशी पाहिला. तेवढ्यात मागच्या पोरांनी ओरडा केला, “शीला मॅडमची गाडी! शीला मॅडमची गाडी!” या शीलाबाई हिमायतनगरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांची मुलगी राजकन्या आमच्याकडे शिकते. पोरीला भेटायला त्या आपली छोटी विजेची गाडी घेऊन आल्या होत्या. पोरांना शर्यत पाहिजे होती. शीलाबाई बिचाऱ्या हात जोडून म्हणाल्या, “अहो, माझी गाडी भाजी आणायची हाय. तिला कशाला यात ओढता?” पण सरांनी माइक घेतला आणि सगळ्या मांडवासमोर म्हणाले, “होऊन जाऊ द्या! महांतेश सर, बसा गाडीत.”

बसलो. म्हणजे आत उतरलो. डावीकडे शीलाबाईंची पांढरी गाडी, तिच्या मागच्या काचेत दुधीभोपळा दिसत होता. उजवीकडे आम्ही. शिट्टी झाली.

अण्णा, खरं ते लिहितो. आजवर मी फळ्यावर त्वरणाचा ‘a’ हजारदा लिहिला असेल, पण तो असा असतो हे मला माहीतच नव्हतं. पोट पाठीला चिकटलं. पाठ सीटला चिकटली. चष्मा कपाळावर गेला, रस्ता अंगावर आला, आणि मागच्या इंजिनाचा आवाज कानांतून न येता दातांतून आला. शीलाबाई मागे कुठे राहिल्या ते कळलंही नाही. सर ओरडले, “बघा सर! बघा!” मी बघत होतो. पुढे रस्त्यावर काहीतरी पिवळं पिवळं पसरलेलं दिसत होतं. मला वाटलं, सरांनी शेवटी गालिचा घातलाय.

ते सोयाबीन होतं.

शेजारच्या रानातल्या कावेरीबाईंनी आणि त्यांच्या सुनांनी, रस्ता कुणीतरी झाडून लख्ख करून ठेवलाय, माणसं तिकडे मांडवात बोलून राहिलीत, बोलणं काही संपत नाही, हे पाहून आपलं काढलेलं सोयाबीन शेंगांसकट त्या टोकाला वाळायला पसरून दिलं होतं. पाऊण तासात भरपूर पसरून होतं. (ही वेळ त्यांना कुणी दिली, ते पुन्हा लिहायला लावू नका.)

घर्षण हा धडा मी अकरावीला शिकवतो. वाळक्या शेंगांवर ते किती उरतं याचं कोष्टक कुठल्याही पुस्तकात नाही, पण मी आता सांगू शकतो. पाचशे घोडे जागच्या जागी गरगर फिरले. आमचं तोंड एकदा लातूरकडे झालं, एकदा नांदेडकडे, परत लातूरकडे. आणि या अवस्थेत मी, जो वर्गात शुद्ध मराठीचा आग्रह धरतो, जो पोरांच्या ‘लई’ला ‘खूप’ करून घेतो, तो मी आईच्या कानडीत आईलाच हाक मारत ओरडलो, “अय्यो अव्वाऽऽ! अव्वाऽऽ!” माइक कॉलरला होता. स्पीकर मांडवात होते. सगळ्या पालकांनी, पोरांनी आणि कॅमेऱ्यांनी ऐकलं.

गाडी फितीच्या अलीकडेच रस्ता सोडून काळ्या रानात नाक खुपसून थांबली. लागलं कुणालाच नाही, फक्त कुठूनतरी आत शिरलेल्या शेंगा खुळखुळत होत्या. धुरळा बसला तेव्हा कावेरीबाई पदर सारखा करत आल्या. मी हात जोडले, आता शिव्या खायच्या म्हणून मान खाली घातली. बाईंनी आमच्याकडे बघितलंच नाही. वाकून ओंजळभर उचललं, फुंकर मारली. टपोरे दाणे सुटे झाले होते. त्या खूश होऊन सरांना म्हणाल्या, “लई झ्याक निघालं की रं बाबा! थांबलास कामून? तिकडली बाजू राह्यली ना. अजून दोन चकरा मार.”

हेही माइकवरून मांडवात गेलं.

तेवढ्यात शीलाबाईंची गाडी आवाज न करता आली, सोयाबीनला वळसा घालून कडेकडेने पुढे गेली आणि फीत तोडून थांबली. त्यांना जिंकायचं नव्हतं. आम्ही जिवंत आहोत का ते बघायला त्या येऊन राहिल्या होत्या, आणि गाडी उभी करायला सपाट जागा फितीपलीकडेच होती. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

परत येताना सर आणि मी शीलाबाईंच्याच गाडीत मागे बसलो, मध्ये दुधीभोपळा. मला वाटलं, आता इतिहासाबद्दल बोलतील, पाऊण तासाबद्दल बोलतील. पण ते अगदी हळू आवाजात, पोरगा निकालाबद्दल विचारतो तसं विचारते झाले, “सर, शेंगा लागायच्या आधी शंभर झाला होता ना? किती सेकंदांत झाला?”

मी स्टॉपवॉच बघितलं. शून्य, शून्य, शून्य. मी ते दाबलंच नव्हतं.

अण्णा, त्या माणसाने माझा इतिहास पोटात घातला असता. सोयाबीन घातलं असतं. अव्वासुद्धा घातली असती. पण त्याच्या आयुष्यातल्या त्या एका झकास सुरुवातीचा पुरावा फक्त माझ्या हातात होता, आणि मी तो घेतला नाही. लातूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. एवढंच म्हणाले, “सोमवारपासून तुम्ही मेसचं बघा.”

तेव्हापासून मी होस्टेलच्या मेसमध्ये उभा असतो. चपात्या कच्च्या आहेत का, वरण पातळ आहे का, हे बघतो. वरच्या मजल्यावर माझा धडा कुणी नवा मुलगा शिकवतो. काल जिन्यातून त्याचा आवाज आला, ‘विजेच्या गाड्या हा आधुनिक शोध आहे.’ माझ्या हातातला डाव वरणात पडला. वर जाऊन सांगावं तर मेसच्या माणसाचं कोण ऐकतं? तो व्हिडिओ गावभर झाला आहे. भाजीवाला मला ‘अव्वा सर’ म्हणतो, रिक्षावाले हॉर्नऐवजी तसे ओरडतात. तुमची बहीण पहिल्या दिवशी “लागलं तर न्हाई ना?” असं विचारून रडली. दुसऱ्या दिवशी तिने व्हिडिओ पाहिला, आणि आता ती मला जेवायला वाढतानासुद्धा मध्येच पाठ फिरवते आणि तिचे खांदे हलतात. तुमची बहीण आहे म्हणून मी बोलत नाही.

देवणीला परत जावं, तर गावात व्हिडिओ माझ्या आधी पोचला आहे. शिकवणं हे एकच काम मला येतं आणि तेच गेलं. झोप लागत नाही, लागली तर अंथरूण गरगर फिरतं. एका गोष्टीबद्दल मनाशी पक्कं केलंय, की यापुढे मोटारगाडी या विषयावर एक शब्द बोलणार नाही, आणि पळणाऱ्या गाडीच्या आसपासही फिरकणार नाही. बसने जाईन, तेही मागच्या सीटवर.

तुमच्याकडून मला काहीही नको. मोठं माणूस म्हणून मन मोकळं केलं, एवढंच. वहिनींना शरणार्थी सांगा.

तुमचा खचलेला,
महांतेश

ता. क. नांदेडचे ते क्लासवाले अर्जुनराव सकाळी गोदावरीच्या काठाने तुमच्यासोबतच फिरायला असतात, असं उमाच्या बोलण्यात आलं. त्यांच्याकडे फिजिक्सची जागा निघणार असल्याचं ऐकतो. सहज बोलता बोलता माझं नाव काढता आलं तर पाहा. मी मनाने लातूर केव्हाच सोडलंय.

आणखी एक. त्यांनी तो व्हिडिओ पाहिलेला असेल, तर तो माणूस माझ्या नावाचा उदगीरकडचा दुसराच कुणी आहे, असं सांगा. आवाज थोडा मिळतो, एवढं कबूल करायला हरकत नाही.

शेवटचं. पाकीट चिकटवायच्या आत बायोलॉजीचे सर सांगून गेले, की अर्जुनराव आमच्या सरांना उत्तर म्हणून क्लाससाठी नवी स्पोर्ट्स कार घेऊन राहिलेत, आणि ती विजेवरची आहे! तीन सेकंदांच्या आत शंभर! पगाराचं, राहायचं नंतर बघू. आधी विचारा, की तिच्यात शेजारी कोण बसणार हे ठरलंय का. ठरलं नसेल तर माझं नाव आजच सांगून ठेवा, आणि उमाला कळू देऊ नका.